दार सुमनलाच उघडतं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, "सुमनबद्दल लिहिलं तर चालेल का?" ते म्हणाले, "कोण सुमन?" माझ्या जिवाला असा थंडावा मिळाला म्हणून सांगू! सुमन कोण हे माहीत नसलेला एक तरी माणूस या जगात आहे. तेवढ्या आनंदात मी वही घेऊन बसले.

तर मी निर्मला. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आरोग्य सहाय्यिका होते, आता निवृत्त आहे. आरोग्य सहाय्यिका म्हणजे नर्सांच्या वर आणि डॉक्टरांच्या खाली, बोलणी दोन्हीकडून. गावाचं नाव घालत नाही, कारण मला भाजी आणायला अजून तिथल्याच बाजारात जावं लागतं. सुमन आमच्या एका वॉर्डाची आशा. आशा म्हणजे त्याच वस्तीतली बाई. बाळंतिणी, लहान पोरं, ताप-खोकला यांच्यावर लक्ष ठेवणारी, आणि दवाखाना व घरं यांच्यामध्ये दिवसभर फिरणारी. मी तिची वरिष्ठ होते. हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावं, कारण गावात ते कोणीच ठेवलं नाही.

मला लोक 'मॅडम' म्हणायचे आणि तिला 'सुमनमाय'. मॅडम आल्या म्हटलं की दार अर्धं उघडायचं, त्या फटीतून एक डोळा विचारायचा, "काय काम हाय?" सुमनमाय आली म्हटलं की आतून आधी चहाचं पातेलं वाजायचं. मी शिकलेली जास्त, नोकरीत जुनी, बोलायला स्पष्ट. ती आठवी पास, बोलता बोलता विषय सोडून शेजारणीच्या सुनेपर्यंत जाणार. तरी जे घर मला तीनदा हात हलवत परत पाठवायचं, तिथून ही पदराला हात पुसत, काम करून बाहेर यायची. मी जळायचे. उगाच सभ्यपणानं 'मला तिचं कौतुक वाटायचं' असं लिहिणार नाही. कौतुक बाकी सगळं गाव करत होतं, त्यात माझी कमी नव्हती.

आता धंद्याची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलरा, म्हणजे जुन्या लोकांची पटकी, हा पाण्याचा रोग. नाल्याचं पाणी नळात मिसळलं, ते पोटात गेलं, की तांदळाच्या धुवणासारखे पांढरे जुलाब लागतात आणि सकाळी हिंडता-फिरता माणूस दिवस मावळायच्या आत सुकून चिपाड होतो. वेळेवर सलाइन लागलं, मीठ-साखरेचं पाणी पोटात गेलं, तर तोच माणूस उठून बसतो. आम्ही सगळी नोकरी विहिरीत आणि टाक्यांत टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायची, पांढरी पावडर टाकण्यात घालवली. सोनाळ्याकडच्या खेड्यांत होते तेव्हा माझ्या साड्यांना त्या पावडरीचा असा वास बसला होता की आमचे हे म्हणायचे, "तू दारातून आत आली की घरातले झुरळंबी खोकलतेत." एवढी पावडर टाकली, पण कोणी एक फोटो काढला नाही. पावडर टाकणाऱ्या बाईचा फोटो कोण काढेल?

मग आली लस. ज्या वर्षी श्रावण दोनदा आला, त्या वर्षीची ही गोष्ट. कॉलऱ्याची लस आमच्या नेहमीच्या लसीकरणात नसते. पण त्या पावसाळ्यात वरून ठरलं की आमच्यासारख्या दाट वस्तीच्या गावांत रोगी सापडला तर ही लस वापरायची. सुई नाही, तोंडात पिळायची. मात्र सगळ्या गावाला पुरेल एवढी ती येत नाही. म्हणून युक्ती अशी, की जिथं रोगी सापडला त्या घराभोवती हाकेच्या अंतरातली सगळी घरं घ्यायची. तान्ही पोरं सोडून बाकी सगळ्यांना लस पाजायची, पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, रोग्याच्या घरच्यांना गोळ्या द्यायच्या. शेतात एका गंजीनं पेट घेतला तर शहाणा माणूस शेजारच्या गंज्या आधी भिजवतो, तसं. आम्ही त्याला 'कडं घालणं' म्हणायचो. लशीचा जोर धरायला काही दिवस जातात, म्हणून जेवढी घाई कराल तेवढं चांगलं. आणि घाईइतकाच खरा पत्ताही लागतो. कडं चुकीच्या घराभोवती पडलं तर लस संपते आणि आग दुसरीकडे पेटत राहते.

पहिला रोगी सापडला तो बसस्टँडमागच्या वस्तीत. प्रकाश नाव, वेल्डिंगचं दुकान, धडधाकट गडी, आणि सुमनचा जावई. ग्रामीण रुग्णालयात आणला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, आवाज निघत नव्हता. तीन बाटल्या सलाइन गेल्यावर तो बोलायला लागला. जिल्ह्याहून आलेले डॉक्टर तरुण होते, माणूस चांगला, रोग्याच्या खाटेवर बसून विचारणारा. त्यांनी विचारलं, "चार-पाच दिवसांत बाहेर कुठं जेवलात का? पाणी कुठलं प्यालात?"

"नाई जी. घरीच."

मी मध्ये बोलले. महिना अधिकाचा, म्हणजे धोंड्याचा. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढल्याशिवाय सासूच्या जिवाला चैन पडत नाही. मी विचारलं, "सासुरवाडीला धोंडे खायला गेले होते का?"

प्रकाशनं बायकोकडे पाहिलं. त्याची बायको पूजा, म्हणजे सुमनची लेक, खाली बघत होती. सुमन पायथ्याशी उभी राहून त्याच्या पायावरची चादर सारखी करत होती.

"नाई जी," प्रकाश म्हणाला, "जायचंच हाय अजून. पुढच्या हप्त्यात."

झालं. डॉक्टरांनी मोबाइलवर नकाशा काढला, प्रकाशच्या घरावर बोट ठेवून गोल आखला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लशीचे डबे घेऊन आम्ही बसस्टँडमागे हजर. पाच जोड्या होत्या. वॉर्ड सुमनचा नसूनही डॉक्टरांनी तिला तिथं बोलावलं, कारण, त्यांच्याच शब्दांत, "लोक सुमनताईंचं ऐकतात." मी बाजूलाच उभी होते. मला काय कोणी बहिरी समजतं का?

त्या वस्तीत काय काय ऐकलं म्हणून सांगू. एक म्हणे, "पोलिओचं औषध मोठ्या मानसाले काऊन देऊन राह्यले?" लस घेतलेल्यांच्या बोटाला आम्ही शाई लावत होतो, तर एक आजोबा दुसऱ्यांदा आले. म्हणे, "मले वाटलं मतदान हाय." एक पैलवान होते, मिशा अशा पिळदार की बघत राहावं. ते म्हणाले, "सुई नाई त औषध कायचं?" आणि लशीची चव जिभेला लागल्याबरोबर असं तोंड केलं की त्यांच्या नातीनं टाळ्या पिटल्या. एकानं म्हशीसाठी मागितली. त्याला मी समजावून सांगत होते की ही माणसांची लस आहे, तर तो म्हणाला, "म्हस मानसापरीस शहानी हाय मॅडम, गुपचूप पिईन." यावर काय बोलणार?

खरी पंचाईत उपवासाची झाली. अधिक महिना, घराघरांत बायकांचे उपवास आणि नेम. एका ओट्यावर सात-आठ जणी बसलेल्या. विचारलं त्यांनी, "उपासाले चालते का हे?" मी शास्त्र सांगितलं. लस म्हणजे अन्न नाही, त्यात धान्य नाही, हे मेलेले जंतू असतात. 'मेलेले जंतू' म्हटल्यावर त्या सगळ्या उठून आतच गेल्या. सुमन मागून आली. म्हणाली, "अव चालते उपासाले. दवाखान्याचा फराळ हाय, आ करा." आणि सगळ्या जणी बाहेर येऊन ओळीनं आ करून बसल्या. नेमका त्याच वेळी वर्तमानपत्राचा माणूस आला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. सुमन लस पाजते आहे, सगळ्या बायका हसताहेत, आणि उजव्या कडेला एक कोपर दिसतंय. ते कोपर माझं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेपरात माझं काय आलं, तर कोपर! तो कागद मी फाडला नाही, घरी ठेवलाय. पाहुणे आले की दाखवते आणि सांगते, ही मी.

कडं जवळजवळ पुरं होत आलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी रुग्णालयात चक्कर मारायला गेले, तर स्त्रियांच्या वॉर्डात गोदाबाई दिसल्या. गोदाबाई म्हणजे भाजीवाल्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या. एकट्या राहतात, बाजारात लिंबं-मिरच्या घेऊन बसतात. भाजीवाल्यांची गल्ली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या कडेनं. तिथले सगळे मळेवाले. मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवून बाजारात विकणारे. सुमनचं घरही त्याच गल्लीत, गोदाबाईंच्या दाराला दार लागून. म्हातारी सलाइनवर, ओठ सुकलेले, पण जीभ शाबूत होती. मी तेच विचारलं, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालात.

"माहं काय खानं बाई, भाकर अन् ठेचा," त्या म्हणाल्या. "पाच-सहा दिसाआधी थे सुमनचा जावई आलता ना धोंड्याले, तवा सुमननं मठ्ठा धाडलता गडवाभर. थंडगार. लय गोड लागला, माय."

मी तिथंच स्टुलावर बसले.

म्हणजे प्रकाश सासुरवाडीला जेवला होता. मठ्ठ्यात कच्चं पाणी, त्या गल्लीच्या नळाचं. तोच मठ्ठा गोदाबाई प्यायल्या. म्हणजे आग बसस्टँडमागे नव्हतीच; ती नाल्याकडच्या भाजीवाल्यांच्या गल्लीत होती, आणि आम्ही इतके दिवस गावाच्या दुसऱ्या टोकाला गंज्या भिजवत बसलो होतो. त्या गल्लीतली पोरंसोरं आजही तेच पाणी पीत होती. आणि हे सुमनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला आनंद झाला. आता लिहिताना नाक मुरडू नका. बाई सलाइनवर पडलेली, गल्लीवर संकट, सगळं खरं. पण छातीत कुठंतरी ढोल वाजला. सापडली! गावाची सुमनमाय सापडली!

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, उरलेली लस त्या एका गल्लीला पुरेल. पण डब्यांची गाडी संध्याकाळी परत जाते आणि पुन्हा लस कधी येईल हे मी सांगू शकत नाही. आजच दुसरं कडं घाला." ते स्वतः नगरपालिकेकडे पळाले, त्या गल्लीचा नळ बंद करून टँकर मागवायला. मी रिक्षा करून बसस्टँडमागे गेले. सुमन एका पोराच्या बोटाला शाई लावत होती.

"सुमन, प्रकाश तुझ्याकडे जेवला होता."

तिचा हात तसाच राहिला. "कोनं सांगतलं?"

"गोदाबाईंनी. सलाइनवर आहेत."

ती पायरीवर मटकन बसली. मला वाटलं आता ही खोटं बोलेल किंवा रडेल. दोन्हीसाठी माझी तयारी होती. तिनं विचारलं, "जित्ती हाय ना म्हातारी?"

पाहा. मला भांडायचं होतं आणि हिनं भांडायला जागाच ठेवली नाही. मी म्हटलं, "जिवंत आहे. तू काऊन लपवलं?" रागात माझीही वऱ्हाडी सुटते.

"मॅडम, पूजाची सासू तिले जगू देईन का? 'तुह्या मायनं माह्या पोराले धोंडे खाऊ घालून मसनात धाडलं व्हतं,' जन्मभर हेच आइका लागन तिले. प्रकाशच मले म्हने, मामी, मी नाव नाई घेत. अन् मी मनाले सांगत राह्यली, त्यानं भायेरच कायतरी खाल्लं असन. आमच्या घरी त कोनीच बिमार नाई." मग हळूच म्हणाली, "अन् गल्लीची भाजी बाजारात जाते ना, मॅडम. नाव झालं त कोन घेईन?"

"आणि गल्लीतलं कोणी दगावलं म्हणजे? त्याची भाजी कोण घेईल?"

ती उठली, डबा उचलायला लागली. मी तो तिच्या हातातून घेतला. म्हटलं, "तू इथंच थांब. तुझ्या गल्लीत मी जाते."

खरं तर तिला नेणं शहाणपणाचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हे एक कडं मला माझ्या हातानं बंद करायचं होतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एकदा तरी गावानं म्हणावं, निर्मला मॅडम नसत्या तर त्या गल्लीचं काही खरं नव्हतं.

आमच्या नर्स वैशालीला बरोबर घेऊन मी त्या गल्लीत शिरले. पहिलं दार वाजवलं. फटीतून एक डोळा.

"लस आहे, कॉलऱ्याची. घरात किती जण आहात?"

"कायची लस? इथं कोनी बिमार नाई."

"गोदाबाई दवाखान्यात आहेत."

"थे म्हातारपन हाय, मॅडम." दार बंद.

दुसऱ्या घरी सांगितलं, नळाचं पाणी खराब आहे. ते म्हणाले, "पानी जनमभर असंच हाय." तिसऱ्या घरचा म्हातारा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. तो उठलाच नाही. जुड्या बांधता बांधता म्हणाला, "बाई, तुमी हे बोटाले शाई लावून जासान. उद्या बाजारात पोट्टे ही शाई घेऊन बसतीन. गिऱ्हाईक इचारीन, हे काय? मंग आमची मेथी कोन घेईन, तुमी?" मी त्याला सगळं सांगितलं, रोग कसा पसरतो, किती लवकर माणूस जातो, आजची लस गेली तर परत कधी येईल भरवसा नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं खरं असन. पन आमाले नाई पायजे."

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुपार कलली. डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या मऊ पडायला लागल्या. वैशाली म्हणाली, "मॅडम, सुमनताईंना बोलवायचं का?" मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी खाली मान घालून उभी राहिली. समोर एक दोन-तीन वर्षांची पोरगी, उघडी नागडी, दाराजवळच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. नळ अजून बंद झाला नव्हता. मी धावत जाऊन तिचा हात बाजूला केला, तर आतून तिची आजी ओरडत आली, "काऊन धरता पोरीले?" मला रडू यायचं बाकी होतं. शिक्षण होतं, लस होती, सगळं खरं बोलत होते, आणि एक बाई आपल्या नातीचं तोंड उघडू देत नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सुमन दिसली. डोक्यावरून पदर, चालत आली असावी, घामाघूम. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आपल्या ओट्यावर चढली आणि हाक मारली, "अव जिजा वहिनी! शांता! आबा! समदे भायेर या."

आणि आले की हो सगळे! माझ्यासाठी न उघडलेली दारं खाटखाट उघडली. मेथीवाला म्हातारासुद्धा जुड्या ठेवून उठला.

"आइका," सुमन म्हणाली. "माहा जावई इथं, माह्या घरी जेवला, अन् त्याले पटकी झाली. मरता मरता वाचला तो. म्या कोनाले सांगतलं नाई. गोदामायनं माह्याच घरचा मठ्ठा पेला अन् थे आज दवाखान्यात हाय. आपलं नळाचं पानी खराब हाय. मले शरम वाटली म्हनून म्या तोंड दाबून बसली. तुमचे लेकरं थेच पानी पेत राह्यले."

आतून तिची सासू ओरडली, "सुमन, अंदर ये! आब्रू काढून राह्यली का घराची?"

"नाई येत आत्याबाई," सुमन म्हणाली. "तुमीच भायेर या अन् आ करा."

मी मनात म्हटलं, आता बसणार हिला. आता कळेल लोकांना. आपल्या लेकीचा संसार राखायला हिनं अख्ख्या गल्लीची पोरं धोक्यात घातली. आता उठेल कोणीतरी आणि हिला चार शब्द ऐकवेल. खरं सांगते, मी वाट बघत होते त्या चार शब्दांची.

समोरच्या जिजा वहिनी ओटा उतरून आल्या. कमरेवर हात ठेवून सुमनसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भवाने, मंग कालच काऊन नाई बोलली? एवढं एकटीनं पोटात ठेवून बसली?" आणि सुमनचे डोळे आपल्या पदरानं पुसले. "आन ते औषध. आंधी मले दे."

बस. एवढंच. लागली रांग.

मी आणि वैशाली लस फोडून देत होतो, सुमन पाजत होती. मेथीवाल्या आबांनी बोट पुढं केलं आणि म्हणाले, "लाव बाप्पा शाई. चांगली ठसठशीत लाव." ती नळाखालची पोरगी सुमनच्या कडेवर बसून लस प्यायली आणि लगेच तिच्याच खांद्यावर थुंकली, पुन्हा पाजावी लागली. सुमनची सासू शेवटी बाहेर आली, तोंड वाकडं करून. दिवस मावळायच्या आत डबा रिकामा झाला आणि कडं बंद झालं. गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मला अजून हे उलगडलेलं नाही. पाणी खराब आहे, गोदाबाई दवाखान्यात आहेत, लस आज घ्या. मी याहून वेगळं काय बोलले होते? मी तर काही लपवलंही नव्हतं. लपवलं तिनं, कबुली दिली तिनं, आणि जवळ घेतलं गेलं तेही तिलाच! मी कधी चुकलेच नाही, म्हणून मला कोणी जवळ घेतलं नसेल का? असाही विचार येतो कधी कधी. मग मी उठून भांडी घासते.

पुढचं थोडक्यात सांगते. गल्लीतले आणखी काही जण आजारी पडले, पण आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. पहिल्या जुलाबालाच लोक दवाखान्यात यायला लागले. कोणी दगावलं नाही. नळाची फुटलेली लाइन नाल्याच्या पुलाखाली सापडली. त्या हप्त्यात बाजारात त्या गल्लीची भाजी कोणी हातात धरली नाही. मेथी, कोथिंबीर सगळी म्हशींपुढे टाकावी लागली. म्हातारे आबा बरोबर बोलले होते, आणि मी त्यांना उत्तर देऊ शकले नव्हते, हे मला आजही टोचतं. एवढं नुकसान झालं, पण सुमनला कोणी उणा शब्द बोललं नाही. पूजाच्या सासूनं मात्र टोमणे मारायचे ते मारलेच, ते अजून चालू आहेत म्हणतात.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "सुमनताईंना लेखी समज द्यायची का? तुम्ही वरिष्ठ आहात, तुम्ही सांगा." माझ्या हातात होतं. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं मॅडमचं मन मोठं. मन-बिन काही नाही. समज दिली असती तर निम्मं गाव तिच्या घरी समाचाराला गेलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.

गोदाबाईंना घरी सोडलं त्या दिवशी मी गल्लीत पाणी तपासायला गेले होते. रिक्षा आली. म्हातारी उतरली, काडी झाली होती, पण आपल्या पायानं उतरली. बायका दारादारांत उभ्या. गोदाबाईंचं घर आधी लागतं, सुमनचं नंतर. सुमन आपल्या दारात उभी होती, पुढं यायची हिंमत होत नव्हती तिची. ओट्यावरून त्या दिवशी एवढं बोलली, पण आता पदराचं टोक नुसतं पिळत होती. तिच्या घरचं पिऊनच तर म्हातारी मरणाच्या दारात गेली होती. त्या घरचं कोण परत तोंडाला लावेल?

गोदाबाई स्वतःच्या दारापुढून तशाच पुढं गेल्या. सुमनच्या ओट्यावर टेकल्या, पाय पसरले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुमन, दवाखान्याचं खाऊन तोंड इटलं व माय. मले भूक लागली. काय हाय घरात?"

सुमन आत पळाली. आतून रडण्याचा आणि पातेल्यांचा आवाज एकदमच आला. गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. मी उभी होते हातात पाणी तपासायची बाटली धरून. या गावात मी इतकी वर्षं काढली, इतकी बाळंतपणं केली, इतक्यांना सलाइन लावलं. माझ्या दारात बसून 'निर्मला, भूक लागली' असं कोणी म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

मला एवढंच सुचलं. मी ओरडले, "सुमन, हात साबणानं धुतले का? पाणी उकळलेलं आहे का?"

"हाव मॅडम, उकळेल हाय," आतून आवाज आला. "तुमीबी बसा. दोन ताटं करून राह्यली."

बसले मग. काय करणार? गोदाबाईंच्या शेजारी, त्याच ओट्यावर. वरण-भात होता आणि वर लिंबाची फोड. गोदाबाई एक घास खायच्या आणि "वा माय" म्हणायच्या. मी काही म्हटलं नाही. पण ताट निपटून खाल्लं, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मेली स्वयंपाकसुद्धा चांगला करते.